परातीतल्या अळ्या

धुरीकाकांच्या खोलीत त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. जिन्यावर आया बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर रडून दमलेली पोरं होती. आत मधोमध पाण्याने भरलेली परात, परातीत वीट आणि विटेवर निखारे. काका निखाऱ्यांवर तपकिरी औषधाची चिमूट टाकत, वरून पत्र्याचं मोठं नरसाळं पालथं घालत आणि त्याच्या नळीला रोग्याचा कान लावत.

"घाबरायचं नाही, राणी," काका समोर बसवलेल्या लहानग्या चिमीला म्हणाले. "तुझ्या कानात काही पाहुण्या फुकट राहतायत. धूर लागला की गाशा गुंडाळतील लेकाच्या!"

लोक हसले. निखारे तडतडले. थोड्या वेळाने काकांनी नरसाळं उचललं आणि खोलीभर "अगं बाई!" उमटलं. पाण्यावर इवल्या पांढुरक्या अळ्या तरंगत होत्या, आकड्यासारख्या वाकलेल्या.

"बघा, नीट बघा! डॉक्टर काय देतो? गोळी. गोळी पोटात, अळी कानात. दोघींची गाठ पडायची कशी?"

चिमीची मावशी दाराशी उभी होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि जीवशास्त्राची तोंडओळख करून देणारा विषय तिने केवळ वेळापत्रकात बसतो म्हणून घेतला होता. कानात एवढ्या अळ्या मावतील कशा, असं तिच्या मनात आलं. पण चिमी चक्क हसत होती. "मावशी, दुखायचं थांबलं!"

काकांनी अळ्या बाटलीत भरून ताईच्या, म्हणजे चिमीच्या आईच्या हातात दिल्या. "शेजारीपाजारी दाखवा." शिवाय औषधाची पुडी दिली. "मध्येच दुखलं तर घरी नुसता धूर द्या."

दुखणं परत आलं. ताई लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री करून यायची आणि पोरीला कडेवर घेऊन काकांकडे धावायची. दर वेळी अळ्या निघत, दर वेळी चिमीला जरा बरं वाटे. मग कानातून पू येऊ लागला. कानामागे सूज आली.

"ताई, दवाखान्यात नेऊ या गं."

"आणि डॉक्टर म्हणाला, अळ्याच नाहीत, तर? मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात."

एका सकाळी चिमी तापाने फणफणली. मान वळवता येईना. तेव्हा कुठे तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कान पाहिला, मान पाहिली आणि नर्सला हाक मारली. मग त्या ताईकडे वळल्या. "कानातला संसर्ग मेंदूपर्यंत गेलाय. सुरुवातीलाच आणलं असतं तर साध्या औषधावर भागलं असतं." चिमी त्या वॉर्डातून परत आली नाही.

धुरीकाका सांत्वनाला आले. पाणी प्यायले, उसासा टाकला. "मोठी अळी तेवढी आत राहिली होती. तुम्ही धुरी अर्धवट सोडलीत. तिथल्या सुयांनी ती डिवचली गेली."

त्या दिवसापासून ताईने एकच धोशा लावला. "मी मध्येच का सोडलं गं? अजून एकदा नेलं असतं तर?" कामावर जाईना, जेवण पुढे आलं की ताट सरकवायची.

कॉलेजात सूक्ष्मदर्शकाचं प्रात्यक्षिक होतं. प्रत्येकाने घरून काहीतरी बघायला आणायचं होतं. कुणी कांद्याचा पापुद्रा आणला, कुणी डबक्याचं पाणी. धाकटीने अळ्यांची ती बाटली नेली. काचपट्टीवर अळी ठेवून डोळा लावला. ना तोंड, ना आतडं. विटा रचून बांधकाम करावं तशा पेशी नुसत्या ओळीने लागल्या होत्या.

तिने सरांना बोलावलं आणि निखारे, धूर, परात, सगळं सांगितलं. सरांनी बराच वेळ पाहिलं.

"ही अळी नाही. प्राण्याच्या पेशीला अशी भिंत नसते. हे झाडाचं आहे. ही दुसरी बघ, अजून अर्धी टरफलात अडकलीय. बियांमधला कोंब आहे हा. निखाऱ्यावर बी फुटतं, कोंब उडून पाण्यात पडतो."

"पण सर, दुखायचं थांबायचं."

"काही रानटी बियांच्या धुराने बधिरपणा येतो. दुखणं झोपतं, पू जागा राहतो."

"म्हणजे कानातून काही आलंच नाही?"

"असं मला वाटतं. पण मला वाटून काय उपयोग? खात्री कशी करशील?"

धाकटीने विचार केला. "बाकी सगळं तेच ठेवायचं. फक्त कान लावायचा नाही."

घरी जाताना तिने लांबची वाट धरली. हे ताईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? अळी नव्हतीच. धुरी अर्धवट राहिली म्हणून नाही, धुरी देत बसलो म्हणून पोर गेली. ऐकून ताईच्या काळजाला घरं पडतील. आणि न सांगावं, तर उद्या त्या जिन्यावर दुसरी आई बसलेली असेल.

तिने सांगितलं. ताई उठली आणि उरलेली पुडी घेऊन आली. "कर. माझ्यासमोर कर."

स्वयंपाकघरात परात मांडली. निखारे, चिमूटभर औषध, वर नरसाळं. नळीशी कुणीच नव्हतं. तडतड झाली. नरसाळं उचललं. पाण्यावर तशाच अळ्या.

ताईने बोटावर एक अळी उचलली. "आत पू वाढत होता, आणि मी तिला धूर देत होते."

धाकटीला खोटा धीर देववेना. "हो, ताई. पण तुला फसवलं गेलं."

दुसऱ्या दिवशी ताई गर्दीतून वाट काढत काकांसमोर उभी राहिली. एक बाई तान्ह्या मुलाचा कान नळीला लावणारच होती.

"काका, एक धुरी कान न लावता द्या."

"रोगीच नाही तर अळी येणार कुठून, बाई?"

"तेच बघायचंय."

"औषधाची थट्टा करू नये!" काका हसले, पण त्यांचा हात औषधाच्या डब्याच्या झाकणावर गेला. त्याआधीच ताईने चिमूट उचलून निखाऱ्यांवर टाकली होती. नरसाळं तिनेच घातलं, तिनेच उचललं. पाण्यावर तशाच अळ्या तरंगत होत्या.

"या आधीच्या रोग्याच्या आहेत!" काका ओरडले.

"मग पाणी बदलून पुन्हा करू," धाकटी म्हणाली. मग तिने मोठ्याने सांगितलं: बी म्हणजे काय, कोंब म्हणजे काय, धुराने नुसतं बधिर कसं होतं. काकांनी लाथेने परात उलथवली. निखारे विझले, वाफ झाली. त्यांना कुणी मारलं नाही, की अडवलं नाही. एक म्हातारा तर कुरकुरलाच, "पण माझा कान बरा झाला होता हो." जिन्यावरच्या काहीजणी जागच्या हलल्या नाहीत.

ताईने त्या बाईचा मुलगा आपल्या खांद्यावर घेतला. "चला दवाखान्यात. मी येते."

दारात ती वळली. "कान दुखला तर डॉक्टरला दाखवा, त्याच दिवशी. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला म्हणा, रोगी बाजूला बसवून करून दाखव. खरं असेल त्याला राग येणार नाही. मी विचारलं नाही. तुम्ही विचारा."

मूल रडत होतं. त्याची पाठ थोपटत ती जिना उतरू लागली.