बाळगल्याबद्दल

"खिशात गांजा सापडला होता," लिफ्टचा मिस्तरी म्हणाला.

व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी मान वर केली नाही. "बाळगल्याबद्दल शिक्षा, असं म्हणा."

"बरं. बाळगल्याबद्दल."

एका चिलमीपुरता. वय वीस. रात्रभर कोठडी, सकाळी दंड आणि त्यानंतरचा सगळा जन्म लिफ्टच्या दोराला लोंबकळत दुसऱ्यांना वर पोहोचवण्यात. एजंटाने बजावलं होतं, काका, इतकं जुनं कोण उकरतंय, सरळ 'नाही' म्हणा. पण उद्या उघडकीला आलं तर तिकडे परदेशात मुलीला त्रास. म्हणून तो खरं बोलला.

बायकोला व्हिसा मिळाला.

त्याला

नाही.

बाळगणे. नातवाचा पहिला फोटो आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या शब्दातच बाळ आहे. मग तो शब्द डोक्यातून जाईना. भीती बाळगा. लाज बाळगा. राग

राग तर होताच. जावयाने व्हिसाचं लपवून आपल्या घरच्यांना परस्पर सांगून टाकलं की सासऱ्यांचे गुडघे गेलेत, प्रवास झेपायचा नाही. हे कळलं त्या दिवशी तो अवजारांची पिशवी खांद्यावर टाकून बारा मजले जिन्याने चढला. लिफ्ट चालू होती. चौकीदाराने विचारलं, मिस्तरी, आज काय झालं? गुडघे तपासतोय, तो म्हणाला.

मग त्याने खुळखुळा केला. लिफ्टच्या दाराच्या जुन्या चाकातले छर्रे पितळी डबीत भरले, झाकणाला डाग दिला. एकदा डाग दिला की डबी कायमची बंद. मग मूठ बसवली, कडा घासून गुळगुळीत केल्या, स्वतःच्या गालावर फिरवून पाहिल्या.

विमानतळाच्या दाराशी बायकोने पर्समधून तो काढला आणि त्याच्या हातात दिला.

"अहो, हा राहू दे."

"का?"

"उघडत नाही ना तो. आत काय आहे विचारलं तर?"

"छर्रे आहेत म्हणून सांग."

"ते सांगेन हो. पण कुणी केला विचारलं तर?"

एवढं बोलून तिने जीभ चावली. तोवर रांग पुढे सरकली होती. तो म्हणाला, "जा. नातवाची मान धर नीट." ती काचेआड गेली. मागे वळली असेल, तर त्याने पाहिलं नाही.

गाडीतळाकडे जायला लिफ्ट होती. खुळखुळा खिशात टाकून तो शिरला. प्रत्येक मजल्याला थांबताना ती दणका देत होती. ब्रेक घासलेला. दाराशी गणवेशातला एक माणूस उभा होता, त्याला सांगता आलं असतं. पण खरं एकदा सांगून झालं होतं.

दणका बसला की खिसा वाजायचा. माणसं वळून त्याच्या खिशाकडे बघत होती.

त्याने वरून हात दाबून धरला नाही.