शेवटच्या कुत्र्याचा स्वेटर

“अगं, तुझे हात आहेत की यंत्र? बोलतेस माझ्याशी आणि हात आपले तिकडं पुसतायत!” काउंटरवाली म्हणाली.

“हातांना कुठं गप्पा ऐकायच्यात?” खळताई म्हणाली. तिनं पानावरचा रबराचा चुरा फुंकून टाकला आणि पुढचं पान ओढलं.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवायची, चिकटवायची, पुसायची, हे तिचं काम. अंगाला सदा खळीचा वास, म्हणून सगळे तिला खळताईच म्हणत. सव्वीस वर्षं झाली याला. मुलांच्या पुस्तकांचं तर विचारूच नका. राजाला मिशा, राणीलाही मिशा, गाढवाला चष्मा! सुरुवातीला ती बघून हसायची. हल्ली बघायचीच नाही. डावीकडच्या ढिगातलं पान उचलायचं, खोडरबर फिरवायचं, उजवीकडे ठेवायचं. त्यात आज मोठ्या साहेबांनी सकाळीच फर्मान काढलेलं, संध्याकाळपर्यंत ढीग संपला पाहिजे.

“पण खूश असशील ना आज?” काउंटरवाली म्हणाली. “आलं की तुझं ते कुत्र्यांचं पुस्तक.”

खळताईचा हात थांबला. “कधी?”

“सकाळी. दोन वर्षांनी आणून दिलं त्या बाईनं, तेही पुठ्ठा फाडून, पानं सुटी करून. तुझ्या ढिगातच ठेवलं मी. दिसलं नाही?”

खळताईनं डावीकडचा ढीग उपसला. जहाजाचं पुस्तक, आकड्यांचं, परीचं. कुत्र्यांचं नव्हतं. मग तिनं मान वळवून उजवीकडच्या, पुसून झालेल्या ढिगाकडे पाहिलं.

पुस्तक तसं साधंच होतं. घरातली माणसं बाहेर गेल्यावर सात कुत्रे ट्रंक उघडतात आणि नटूनथटून मिरवतात. एकाला कोट, एकाला टोपी, ढब्ब्याला झालरीचा झगा. शेवटच्या पानावर सगळ्यात छोटा. त्याच्यापर्यंत येईतो ट्रंक रिकामी. तो बिचारा तसाच उघडा बसलेला.

एकोणीस वर्षांपूर्वी खळताईची मुलगी सहा वर्षांची होती. दोन महिने तापानं अंथरुणाला खिळलेली. पुस्तक आईनंच नेलं होतं तिच्यासाठी. एका संध्याकाळी खळताई कामावरून घरी येऊन बघते, तर छोट्या कुत्र्याच्या अंगात पेन्सिलीचा स्वेटर. एक बाही लांब, एक आखूड.

“अगं कार्टे, ग्रंथालयाचं पुस्तक आहे ते! माझीच नोकरी घालवशील.”

“पण आई, सगळ्यांना कपडे मिळाले. त्यालाच थंडी वाजते.”

“वाजू दे. बरी झालीस की तुझ्या हातानं खोडायचं. मी नाही खोडणार, सांगून ठेवते.”

पोरगी बरी झाली नाही. पुढच्याच आठवड्यात गेली.

पुस्तक परत करावंच लागलं. इथली पद्धत अशी, की दुरुस्त झालेल्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी डकवायची, काय शिवलं, कुठले डाग राहिले. खळताईनं लिहिलं, ‘शेवटचं पान, पेन्सिलीचा डाग, निघत नाही.’ एकोणीस वर्षांत पुस्तक सात वेळा तिच्या टेबलावर आलं. सातही वेळा तिनं तेच लिहिलं, बिनदिक्कत खोटं. ते आलं की ती दार लोटून घ्यायची आणि स्वेटरवर बोट ठेवून घटकाभर बसायची. पोरीच्या हातचं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

आज पुठ्ठा नव्हता, म्हणून चिठ्ठीही नव्हती. तिनं उजवीकडचा ढीग उपसला. कोटाचं पान सापडलं, टोपीचं सापडलं, झग्याचं सापडलं. शेवटचं पान तळाशी होतं. छोटा कुत्रा उघडा बसला होता.

तिनं पान उचलून खिडकीशी नेलं. मुलं पेन्सिल दाबून धरतात, शिसं पुसलं तरी कागदावर चरे राहतात, उजेडात तिरपं धरलं की दिसतात. तिनं पान तिरपं धरलं, उलटं धरलं, बोटानं चाचपलं. कागद गुळगुळीत होता. दोन महिन्यांच्या तापानं त्या हातात दाबायला जोरच कुठं उरला होता!

“बघू,” म्हणत काउंटरवाली मागून डोकावली. तिला नोकरीला लागून चारच वर्षं झालेली, मुलीचं तिला ठाऊक नव्हतं. खळताईनं इथं कुणापाशी तो विषयच काढला नव्हता. “निघाला की गं डाग! आणि तू आपली दरवेळी लिहायचीस निघत नाही. आळशी कुठली!”

“हो ना,” खळताई म्हणाली.

काउंटरवर कुणीतरी हाका मारल्या, तशी ती गेली. खळताईनं पेन्सिल उचलली. टोक कुत्र्याच्या खांद्यावर टेकवलं. लांब बाही कुठली होती, डावी की उजवी? एकोणीस वर्षं पाहिलेली बाही तिला आठवेना. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि तोंडात पदर कोंबला.

मग तिनं पानं जुळवली, शिवली, नवा पुठ्ठा घातला. चिठ्ठीवर लिहिलं, ‘शेवटचं पान, डाग निघाला.’ खळ लावून ती डकवली, आणि वाळेपर्यंत तिच्यावर अंगठा दाबून बसून राहिली.