जिनिंगच्या मागच्या दाराचं कुलूप

मी एक जुनं कुलूप आहे, मित्रांनो, आणि मला माझीच भीती वाटते.

माझा जन्म अलीगढचा. देविदासशेठांनी मला हिंगोलीच्या एका दुकानातून पारखून आणलं आणि जवळा बाजारच्या रस्त्यावरच्या त्यांच्या जिनिंगला लावलं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. पुढे एक दार, मागे एक. मागचं दार माझं. काम सुरू झालं की राखणदार ग्यानोबा मला उघडून कडीत अडकवायचे. संध्याकाळी बायका घरी गेल्या की बाहेरून लावायचे. एकदा चोरांनी टामी, म्हणजे लोखंडी पहार, घालून पाहिली, पण मी जागचा हललो नाही. त्या खंडेनवमीला यंत्रांबरोबर माझीही पूजा झाली. शेठांनी मूठभर हळदकुंकू वाहिलं, ते थेट किल्लीच्या भोकात गेलं. मी इतका फुगलो होतो की तिकडे लक्षच दिलं नाही.

कचेरीत प्रज्ञेश नावाचा कारकून आहे. नियम पक्का करण्याआधी सरकार त्याचा मसुदा काढतं आणि लोकांच्या हरकती मागवतं. असे मसुदे रोज शोधून शेठांपुढे ठेवायचे, हे त्याचं काम. गेल्या हिवाळ्यात एकाच दिवशी दोन मसुदे आले. एक म्हणत होता, काम चालू असताना कुठल्याच दाराला कुलूप नको. दुसरा म्हणत होता, चोरी आणि घातपात टाळायला ये-जा एकाच दारातून ठेवा, बाकीची दारं बंद करा.

शेठ माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "बंद करायचा आजपासून लागू. उघडायचा पक्का झाल्यावर बघू."

"शेठ, दोन्ही बराबर कच्चेच हायेत. मग एकच काहून?" प्रज्ञेशने विचारलं.

शेठांनी ग्यानोबांना हाक मारून मला लावायला सांगितलं. त्या दिवसापासून मी दिवसाही बंद राहू लागलो.

फाल्गुनात एके दुपारी कापसातून एक खडा यंत्रात गेला, ठिणगी उडाली आणि पुढच्या दाराची वाट धुराने भरली. आत बारा बायका होत्या. त्यांची मुकादम गौसिया आतून दार बडवू लागली. "चाचा, खोलो! काहून उघडून न्हाई राहिले?"

"किल्ली फिरून न्हाई राहिली, माय!" बाहेरून ग्यानोबा ओरडले. कुंकवाने आणि गंजाने माझा घसा धरला होता. चोरांपुढे न हललेला मी त्या बायकांपुढेही हललो नाही. याची लाज मला जन्मभर पुरेल.

ढीग लहान होता म्हणून पिंपातल्या पाण्याने आग विझली. गौसियाचे तळवे सुजले. तिने शेठांना गाठलं. "शेठ, हे कुलूप काढा. तहान लागल्यावर विहीर खणता का?"

"काढतो की. नियम पक्का होऊ दे," शेठ म्हणाले.

आता नवा हंगाम आहे. गौसिया रोज कचेरीपाशी थांबते. "झाला का रे पक्का?"

प्रज्ञेश मोबाइल पाहून मान हलवतो. "न्हाई, आपा. कुलूप नको म्हणून मीबी लिहून धाडलं. अजून जवाब न्हाई."

यंदा कापूस छतापर्यंत रचलाय. पुढच्या दाराकडे जायला एका माणसापुरती वाट उरली आहे. ग्यानोबा मला तेल घालतात. कधी मी उघडतो, कधी नाही. कोणत्या दिवशी उघडेन, ते माझं मलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी उलटं मागतो. मला जपू नका, मला काढा. तुमच्या शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या दाराला, आत माणसं असताना माझा कुणी भाऊबंद लटकत असेल, तर मोठ्यांना हाताला धरून दाखवा. नियम पक्का झाला का, ते नंतर विचारा.

आत्ता दुपारचे अडीच वाजलेत. यंत्र चालू आहे. आत बारा जणी आहेत आणि मी बंद आहे.