भवानीच्या चिठ्ठ्या

“कार्डाच्या मशीनवरून खात्यात जमा झालेल्या पैशांपैकी एक्केचाळीस हजार या वहीत नाहीतच,” कराची कामं बघणारे निवृत्ती गांगुर्डे म्हणाले. “भिमाजीशेठ, रिटर्नमध्ये हे दाखवावे लागतील. आले कुठून, ते सांगा.”

भिमाजीनं सरळ सुनेकडं पाहिलं. गंगापूर रोडवरच्या फुलांच्या दुकानात कार्ड घासायचं मशीन गेल्या वर्षी रूपालीनंच आणवलं होतं, आणि वहीही तीच लिहायची. त्या डबड्याचा भिमाजीला पहिल्यापासून संशय. अहो, बाजारात शेवंती विकायला बसायचा तेव्हापासून दहाची नोटसुद्धा उजेडात धरून बघणारा माणूस तो! पासबुक कायम कपाटात, कुलपात. घरात कुणाला दाखवायचं नाही.

गांगुर्ड्यांच्या ऑफिसातून उतरताना जिन्यावरच त्यानं तिला गाठलं. “तुझ्या भावाचा चांदवडला कांद्याचा धंदा हाय ना? त्याचा पैसा माझ्या खात्यातून फिरवतीस व्हय?”

“नाना! गल्ल्यात मशीनच्या जेवढ्या चिठ्ठ्या सापडतात, तेवढ्या मी लिहिते.”

“मंग बाकीच्या काय उंदरांनी खाल्ल्या? दे गल्ल्याची चावी.”

रूपालीनं कमरेची चावी काढून दिली. तिचे डोळे भरून आले. हे सोंगच, असं भिमाजीनं ठरवून टाकलं.

एरवी ती दहाला यायची. दुसऱ्या दिवशी मात्र दुकान उघडतानाच त्याच्यासोबत आली. पहिलंच गिऱ्हाईक लग्नाची गाडी सजवायला आलं आणि त्यानं कार्ड पुढं केलं. भिमाजीनं ते घासलं, चिठ्ठी डोळ्यांना लावली आणि गणपतीच्या तसबिरीमागं खोचली. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, देवाची. तिला संध्याकाळपर्यंत शिवायचं नाही, ही बापाची शिकवण. नोट असली की संध्याकाळी आठवणीनं काढायचा. कागदाची आठवण कोण ठेवतो?

“नाना, तिथं काय खोचलंत?”

त्यानं तसबीर उचलली. मागून चिठ्ठ्यांचा गठ्ठाच घसरला. जुन्यांवरची अक्षरं पार उडाली होती, नुसती कुंकवाची बोटं उरली होती. भिमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चुकलो गं पोरी. लय चुकलो.” त्यानं चावी तिच्यापुढं सरकवली.

रूपालीनं एकेक चिठ्ठी वेचली, वाचता येत होत्या तेवढ्या वहीत उतरवल्या. “बाकीच्यांचा हिशेब बँकेतून आणू,” ती म्हणाली.

तेवढ्यात एक बाई गजरा घ्यायला आली. सुट्टे हवे होते.

“गल्ला उघड की,” भिमाजी हळूच म्हणाला.

“तुम्हीच उघडा, नाना.”

चावी झेंडूच्या पाकळ्यांत तशीच पडून होती.