श्वास न घेणारी बाई

ट्रेमेन दुकानातला केक घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं की स्वारीचं काहीतरी अडलंय. सध्या आमच्या ब्रॉन्क्स वस्तीतला सगळ्यात गाजलेला बीटवाला, म्हणजे गाण्यांचे ताल जुळवून देणारा, तो. जाकिटावर स्वतःचंच नाव छापलेलं, आणि वर मला विचारतो, ओळखलंत का. मी म्हटलं, तुझी आजी आणि मी चर्चमध्ये शेजारी उभ्या राहून गायचो, तुझा शेंबूड पुसलाय या हातांनी. आत ये आणि बूट काढ.

आता मी कोण, तर अर्नेटा प्रुइट. नाव ऐकलं नसेल, कुणीच ऐकलेलं नाही. बहात्तर साली इथल्याच एका मिरवणाऱ्या गायकाच्या मागे मी कोरसमध्ये उभी होते. गाण्याच्या मध्यावर त्याचा दम संपायचा, तिथे मी एक हाक घालायची. रेकॉर्डवर नाव त्याचं, फोटो त्याचा, हाक माझी. पुढे पार्कात रेकॉर्ड फिरवायची दोन-दोन टर्नटेबलं लावणाऱ्या पोरांनी नेमकी ती हाकच कापून घेतली आणि तिच्यावर आपापली गाणी रचली. कुठल्या रेकॉर्डमधून घेतली हे दुसऱ्याला कळू नये म्हणून रेकॉर्ड बाथटबात भिजत घालून लेबल सोलून काढायचे मेले. म्हणजे माझं नाव छापलेलं असतं, तरी मोरीतूनच वाहून गेलं असतं. रस्त्यावरच्या गाडीतून माझा गळा ऐकू आला की मी पोरांना सांगायची, ही मी. ती म्हणायची, हो गं मॉम, तूच. आणि हसायची. मला बाकी काही नको होतं. एकदा कुठेतरी माझं नाव यावं, एवढंच.

तर ट्रेमेनचं अडलं होतं ते असं. उन्हाळाभर त्याचं एक गाणं गाजत होतं. त्यात मागे एक बाई काळीज पिळवटून गाते, जुन्या रेकॉर्डची खरखरही आहे. तळघरात सापडलेल्या रेकॉर्डमधून ते उचललं, असं तो गावभर सांगत सुटला होता. माझ्यासमोर बसून मात्र त्याने खरं सांगितलं, आणि वर कौतुकानं. आता रेकॉर्डी धुंडाळायचे दिवस गेले म्हणाला. यंत्राला सांगायचं, सत्तरचं साल, ब्रॉन्क्स, नवरा सोडून गेलेली बाई. ते गाणं काढून देतं. मालक नाही, वकील नाही, कुणाच्या बापाची परवानगी नाही.

"मग खरखर कुणाची?" मी विचारलं.

"ती वेगळी मिळते, मिस अर्नेटा. वरून टाकायची."

भाजीवर कोथिंबीर टाकावी तसं सांगत होता गधडा.

पण पार्कातले म्हातारे, म्हणजे तेव्हाची ती टर्नटेबलवाली पोरं, ऐकेनात. लेस्टर आणि त्याची ती टोळी, गुडघे गेले तरी हेडफोन उतरत नाहीत ज्यांचे. त्यांची रीत अशी की दर उन्हाळ्यात ज्याचा बीट गाजला, त्याने मूळ रेकॉर्ड लेबलवर काळी पट्टी चिकटवून घेऊन यायची, सगळ्यांसमोर लावायची, आणि गाणारं माणूस जिवंत असेल तर त्याला पुढच्या खुर्चीत बसवायचं. ते केल्याशिवाय म्हातारे हात मिळवत नाहीत. कोर्टाला न भिणारा हा बाप्या, त्या दात पडलेल्यांच्या हस्तांदोलनासाठी जीव टाकत होता. यंत्राच्या गाण्याची रेकॉर्ड त्याने बनवून घेतली, सँडपेपरने घासली, चहात बुडवली. बाई तेवढी कमी पडत होती.

"फक्त म्हणा की ते तुम्ही गायलात," तो म्हणाला. "सगळीकडे तुमचं नाव लागेल. पहिल्यांदाच."

नेमकं तिथंच बोट ठेवलं त्याने. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो गेल्यावर केक कचऱ्यात टाकला.

खोटं कशाला बोलू, आठवडाभर मी ते गाणं शिकले. मासे तळता तळता, भांडी घासता घासता. कुणी म्हटलंच गाऊन दाखव, तर पंचाईत नको. पण काही केल्या दुसरी ओळ पुरी होईना. छाती फुटायची वेळ यायची. आधी वाटलं, वय झालं. मग कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं, ही बया श्वासच घेत नाही. एवढी रडते, पण कुठे थांबत नाही, हुंदका नाही, काही नाही. आणि अख्खा ब्रॉन्क्स तिच्यावर डोळे पुसत होता. मला असली किळस आली की चूल बंद करून बसले.

शनिवारी दुपारी पार्कात मला पुढच्या खुर्चीत बसवलं. ट्रेमेनने रेकॉर्ड लावली. लेस्टरने मान डोलावून घेतली. आयुष्य गेलं म्हणे रेकॉर्डी ऐकण्यात, आणि खरखर ऐकूनच पाघळला. मग माझ्या हातात माइक दिला. समोर माझी दोन्ही पोरं उभी होती, आणि या वेळी हसत नव्हती.

"हे मी गायले नाही," मी म्हणाले. "हे कुणीच गायलं नाही. जिला श्वास लागत नाही, तिला दुःख कसलं?"

लेस्टरने हात खिशात घातले. ट्रेमेनचा चेहरा पडेल म्हणून मी बघत राहिले, पण तो फोन समोर धरून होता, आणि चक्क ठेक्यात मान हलवत होता.

थंडी पडायच्या आत त्याचं नवं गाणं आलं. ट्रेमाँट अव्हेन्यूवर एक गाडी सिग्नलला थांबली आणि आतून माझाच आवाज आला. "हे मी गायले नाही," मग ढोल, पुन्हा "हे मी गायले नाही," आणि मध्ये माझा श्वास, कापून, मोठा करून, तालावर बसवलेला. मला कुणी विचारलं नव्हतं. थोरल्याने फोन काढून दाखवलं. गाण्याखाली लिहिलं होतं, गायिका अर्नेटा प्रुइट.

"मॉम, आलं की नाव," तो म्हणाला.

आणि बीट चांगला होता. त्या भामट्याचा बीट खरंच चांगला होता. फुटपाथवर माझा पाय ठेका धरत होता, आणि मला त्या पायाचीसुद्धा लाज वाटत होती.