बर्फ्याचं यंत्र आणि आत्याची खिडकी

या, असे पुढे सरकून बसा. ज्याला देवाने बुद्धी भरभरून दिली, पण ती वापरायची राहून गेली, अशा एका शहाण्याची गोष्ट सांगायची आहे.

हा शहाणा जुन्या फोटोंचा राखणदार. फोटो थंडीत टिकतात, म्हणून त्याने एका खोलीला भलंमोठं यंत्र बसवून घेतलं होतं. भर उन्हाळ्यात स्वेटर-कानटोपी चढवून तो आत शिरायचा आणि आपण साक्षात काळाशी झुंजतोय, अशा थाटात नाक पुसायचा. त्याची म्हातारी आत्या त्याला ‘बर्फ्या’ म्हणायची.

आत्याचं घर त्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून. यंत्र आतली गरमी बाहेर फेकायचं, ती नेमकी तिच्या खिडकीत. आधी कुंड्यांतली रोपं करपली. मग खिडकी कायमची बंद झाली. शेवटी आत्याने ट्रंक बाहेर काढली.

“बर्फ्या, मी चालले लेकीकडे. उरलेलं आयुष्य मला तव्यावर काढायचं नाही.”

“अगं, पण आत तुझ्या थोरल्या बहिणीचा फोटो आहे! केवढा जपलाय!”

“मग जाण्याआधी दाखव की.”

योद्ध्याची पंचाईत झाली. थंडीतला फोटो एकदम उघडला की त्यावर दव धरतं. पाकिटातच ठेवून हळूहळू खोलीच्या उबेला आणावा लागतो.

“उद्या दाखवतो.”

“आमची ताई नटायलासुद्धा इतका वेळ लावत नव्हती रे!”

दुसऱ्या दिवशी पाकीट उघडलं. दोन वेण्या, बाहेर काढलेली जीभ. खाली बर्फ्याच्याच अक्षरात ‘एक मुलगी’; नाव विचारायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

“एक मुलगी?” आत्या म्हणाली. “चिमणी म्हणायचो तिला. झाडावर चढून बसायची. खाली ये म्हटलं की हीच जीभ. तापात गेली बिचारी.” तिने डोळे टिपले. “हिच्या सोबतीला आत आणखी कोण कोण आहे?”

बर्फ्या बघायला गेला. पहिल्याच कपाटात थंड खोलीच्या उद्घाटनाचे फोटो. बर्फ्या कात्रीसह, बर्फ्या कात्रीविना, बर्फ्या फीत गळ्यात अडकलेला. पुढचं कपाटही तेच.

“सापडलं कुणी?”

“मीच आहे सगळीकडे,” तो पडेल आवाजात म्हणाला. “डोळे मिटलेलासुद्धा टिकवलाय.”

“अरे देवा! तुझा गारवा आणि माझी होरपळ!”

ती इतकी हसली की ट्रंकेवरच बसली.

बर्फ्याने स्वतःला कपाटातून हाकललं. थंडीवाचून नासतील अशा जुन्या फिल्म वेगळ्या काढल्या, तर त्या घरातल्यासारख्या एका फ्रिजमध्ये मावल्या. बाकीचे फोटो कोरड्या खोलीतही सुखाने राहणार होते. त्याने यंत्र बंद केलं. भिंतीपलीकडे खिडकी करकरली. आत्याने हात बाहेर काढून हवा चाचपली.

“बर्फ्या, ट्रंक आत घे. जड आहे, कंबर सांभाळ.”

चिमणीचा फोटो आता आत्याच्या भिंतीवर आहे. कधीतरी फिका पडेलच. म्हणून एवढंच मागणं: झाडावर बसून जीभ दाखवणाऱ्या त्या पोरीला तुम्हीही आठवणीत ठेवा.