जोराचे बोल

...आणि कार्डाचा एक कोपरा खिशातल्या खिशात घामानं मऊ पडलेला. बसवंतनं तो पुन्हा अंगठ्यानं चाचपला. सकाळी राजाजीनगरच्या घरी डबा भरता भरता लेकीनं, सुप्रीतानं, त्यावर इंग्रजी बोल मराठी अक्षरांत लिहून दिले होते. टूथ अँड नेल. हॅमर अँड टाँग्ज. गन्स ब्लेझिंग.

“अप्पा, कसं काम करता म्हणून साहेबानं विचारलं, की यातलं एक ठोकून द्या. नुसतं ‘नीट करतो’ म्हणू नका हं. त्यांना जोर लागतो.”

बोम्मसंद्र्याच्या कारखान्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो ते ओठांतल्या ओठांत घोकत होता. पस्तिसाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात बसून स्वतःचं नाव गिरवलं, तेव्हाही असंच घोकलं होतं... पण तेव्हा चुकलं तर पाटी पुसता येत होती. आता अठ्ठावन्न पूर्ण झालेली. दोन वर्षं वाढवून द्यायची, की महिनाअखेरीला हार घालून घरी पाठवायचं, हे आज नवा साहेब ठरवणार. आणि घरी — हे हात घेऊन घरी बसायचं तरी कुठं?

दात, नखं. हातोडा, सांडशी. बंदुका. काम म्हणजे सगळी मारामारीच वाटते की काय या लोकांना... त्याचं काम यंत्राच्या लोखंडी पाटावरचे उंचवटे काढण्याचं. सपाट पट्टीला निळा रंग लावून ती पाटावर फिरवायची, जिथं निळं उमटेल तिथं हातातल्या स्क्रेपरनं खरवडायचं, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढंच; पुसायचं, पुन्हा निळा. तीन दिवस. जोर लावला की खड्डा, आणि खड्डा पडला की सबंध पाट तेवढा खाली आणायचा.

केबिनमध्ये देवव्रत, पुण्याहून आलेला, सुप्रीताच्याच वयाचा, उठून उभा राहिला.

“या, बसवंतअण्णा. चहा?”

“नको सर.”

“सरळच विचारतो. वरचे म्हणतात, अण्णा हल्ली स्लो झालेत. खरं?”

स्लो. आपण फास्ट कधी होतो? — कुणाला तसे हवे होतो? ‘नीट करतो, सर’ जिभेच्या टोकाशी आलं होतं, आणि त्याच्या आधी दुसरंच बाहेर पडलं.

“नो सर. टूथ अँड नेल. आय वर्क टूथ अँड नेल.”

देवव्रतनं टेबलावर थाप मारली. “क्या बात है! हेच ऐकायचं होतं मला.” लॅपटॉपवर त्यानं ते लिहूनही घेतलं. “मग असं करू. तीन दिवसांचा पाट एका दिवसात. आजच. संध्याकाळी मी स्वतः बघायला येतो. जमलं, तर दोन वर्षं पक्की. सरी? ठीक?”

“सरी, सर.”

पाटासमोर उभं राहून त्यानं स्क्रेपरची मूठ कमरेला टेकवली. हात स्थिर होता. अजूनही वर जाऊन सांगता येईल, सर, ते घोकलेलं होतं, माझं नव्हतं... पण मग ‘स्लो’ तेवढं खरं उरेल. सकाळी भीती होती, ठेवणार नाहीत. आता वाटत होतं, ठेवतील — आणि ते तीन शब्द रोज, दोन वर्षं, या लोखंडावर करून दाखवावे लागतील. पहिला रेटा नेहमीपेक्षा लांब गेला. किती खोल, ते बोट फिरवून बघायचं असतं. तेवीस वर्षं बघत आला होता. त्यानं मान वर केली आणि भिंतीवरचं घड्याळ बघितलं.